छोट्या जिममधले मेंबर अडीच महिन्यांत का गळतात

प्रश्न थोडक्यात असा आहे: एका हॉलचं जिम, दीडशेच्या आसपास मेंबर, दोन ट्रेनर. नवे लोक उत्साहानं नाव घालतात आणि दोन-अडीच महिन्यांत दिसेनासे होतात. जवळच एक मोठं, नव्या मशीनचं जिम सुरू झालंय. ग्राहकसेवा सुधारायची तर सुरुवात कुठून करू? अ‍ॅप घेऊ, मशीन वाढवू, की काउंटरवर कुणाला ठेवू?

मी आठ वर्षं फ्लोअर ट्रेनर होतो आणि त्यानंतर गेली पंधरा वर्षं तुमच्याएवढंच जिम चालवतोय. तुम्ही जे लिहिलंय ते मी माझ्या रजिस्टरमध्ये वर्षानुवर्षं पाहिलंय. तुमच्या प्रश्नातला सगळ्यात कामाचा शब्द ‘अडीच महिने’ हा आहे. तिथूनच सुरू करतो.

नवीन माणूस व्यायामाला लागला की पहिल्या सहा-आठ आठवड्यांत त्याची ताकद झपाट्यानं वाढते. ही वाढ मुख्यतः स्नायू मोठे झाल्यामुळे होत नाही. मेंदू आणि नसा आहे त्याच स्नायूंना जास्त नीट कामाला लावायला शिकतात, म्हणून होते. स्नायू भरलेले आरशात कळायला त्याहून बराच जास्त वेळ जातो. वजनकाटा तर आणखी फसवा. अंगातलं पाणी, आदल्या दिवशी खाल्लेलं मीठ, पोट साफ झालंय की नाही, एवढ्यावरही तो किलोभर इकडेतिकडे सरकतो. आता आठव्या आठवड्यातल्या तुमच्या मेंबरचा विचार करा. पहिल्या दिवशीपेक्षा तो कितीतरी जास्त वजन उचलतोय, जिना चढताना धाप लागत नाही, पण आरशात मात्र तोच माणूस उभा आहे. पैसे गेले, पहाटेची झोप गेली आणि फरक काही नाही, असं त्याला अगदी मनापासून वाटतं. नेमकी त्याच सुमारास पहिल्या तीन महिन्यांची फी संपत आलेली असते.

छोट्या जिमची ग्राहकसेवा माझ्या मते सगळ्यात आधी इथे लागते. फरक झालेला असतो, पण त्याला स्वतःला दिसत नसतो. तो त्याला दाखवायचा. स्वच्छता, फीचे नियम, गर्दीचं नियोजन हे सगळं करायचंच आहे, पुढे त्यावरही लिहितो. पण ते सगळं चोख असलेल्या जिममधूनही लोक अडीच महिन्यांत जाताना मी पाहिलेत.

फरक दाखवायचा तर पहिल्या दिवशीची नोंद हवी. मी जाड कागदाचं एक कार्ड वापरतो आणि सगळी कार्डं काउंटरवरच्या एका डब्यात नावांप्रमाणे लावून ठेवतो. कार्डावर पहिली ओळ मेंबर कशासाठी आला याची, आणि ती त्याच्याच शब्दांत. ‘वजन कमी करणे’ असं लिहिलेलं कार्ड पुढे काहीच कामाचं ठरत नाही. ट्रेनरनं आणखी दोन मिनिटं बोललं की खरं कारण बाहेर येतं: नातवाला उचलून घेताना कंबर धरते, दिवसभर खुर्चीत बसून मान आखडते, शाळेतल्या मित्रासारखे पुलअप काढायचेत. मग चार मोजमापं. ३० सेकंदांत बेंचवरून हात न टेकता किती वेळा उठता येतं, पुशअप किती निघतात (भिंतीला टेकून काढले तर तसं लिहायचं), प्लँक किती सेकंद टिकतो, आणि ट्रेडमिलवर ठरावीक वेगानं दहा मिनिटं चालल्यावर नाडी किती. जुनी दुखणी खाली. हीच चार मोजमापं चौथ्या आणि आठव्या आठवड्यात पुन्हा घ्यायची. वजन मेंबरनं स्वतः विचारलं तरच.

याचा उपयोग कसा होतो ते एका प्रसंगानं सांगतो. पन्नाशीच्या पुढच्या एक बाई माझ्याकडे यायच्या. सातव्या आठवड्यात काउंटरपाशी आल्या आणि म्हणाल्या, “पुढच्या महिन्यापासून नाही जमायचं. मला काही हे मानवत नाही.” मी त्यांची समजूत घालायला तोंड उघडणार, तेवढ्यात आमची ट्रेनर मुलगी कार्ड घेऊन आली आणि त्यांना म्हणाली, “काकू, जाताना एकदा बेंचवर बसून उठून दाखवा ना. घड्याळ लावते.” काकूंनी तीस सेकंदांत चौदा वेळा उठबस केली. मुलीनं कार्ड पुढे धरलं. पहिल्या दिवशीच्या तारखेपुढे लिहिलं होतं: सहा, आणि कंसात ‘उजवा हात गुडघ्यावर’. काकू बराच वेळ त्या कंसाकडेच बघत राहिल्या. त्या आजही येतात. त्या दिवशी मी तोंडी काहीही सांगितलं असतं तरी ते फी टिकवण्यासाठी बोलतोय असंच त्यांना वाटलं असतं. कार्डावर त्यांचा स्वतःचाच आकडा होता.

तुमच्याकडे दीडशे मेंबर आहेत, सगळ्यांची कार्डं एका दमात होणार नाहीत. नव्यांपासून सुरू करा. जुने लोक बघतील आणि स्वतःहून मागतील.

आता पहिला दिवस. इथे सगळ्यात जास्त नुकसान होतं आणि ते चांगल्या हेतूनं होतं. ट्रेनर असताना मी स्वतः ते केलंय. एक तरुण मुलगा आला, जोशात होता, मीही जोशात होतो. स्क्वॅट, लंजेस, लेग प्रेस, प्रत्येकी चार सेट. जाताना त्यानं माझा हात दाबून आभार मानले. दुसऱ्या दिवशी आला नाही, तिसऱ्या दिवशी नाही. पुढे कधीतरी रस्त्यात भेटला तेव्हा कळलं की चार दिवस त्याला जिना रेलिंगला धरून उतरावा लागला, आणि घरच्यांनी सांगितलं की तुला ते झेपणारं नाही. त्यालाही ते पटलं. तो मेंबर मी घालवला. त्यात त्याचा काही दोष नव्हता.

सवय नसलेल्या स्नायूंना एकदम काम दिलं, विशेषतः वजन खाली आणताना सांभाळायचं काम, की त्यांच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते आणि दुखणं २४ ते ७२ तासांत सगळ्यात जास्त असतं. जिममध्ये सर्रास सांगितलं जातं की लॅक्टिक अ‍ॅसिड साचलंय. ते खरं नाही. लॅक्टेट (लॅक्टिक अ‍ॅसिडचंच अंगातलं रूप) व्यायामानंतर तासाभरात निवळून जातं, दोन दिवसांनी दुखायला ते जागेवर नसतंच. ट्रेनरला हे माहीत असलं पाहिजे, कारण मेंबर हमखास विचारतो आणि चुकीचं उत्तर त्यानं मोबाइलवर पडताळलं की तुमच्यावरचा विश्वास तिथेच जातो.

म्हणून माझ्याकडे पहिले तीन दिवस प्रत्येक व्यायामाचा एकच सेट, हलका, आणि चाळीस मिनिटांत सुट्टी. मेंबर म्हणतो, “एवढंच?” म्हणू द्या. त्याला घरी पाठवताना एक वाक्य नक्की सांगायचं: “परवा मांड्या थोड्या धरतील, ते अपेक्षित आहे, तरीही या, हलकं चालू, मोकळं वाटेल.” आधी सांगितलेलं दुखणं माणूस सहन करतो. न सांगितलेलं दुखणं म्हणजे त्याला इजा वाटते. त्याच वेळी खरी धोक्याची खूणही सांगून ठेवा. दुखणं असह्य असेल, स्नायू सुजून कडक झाला असेल किंवा लघवी गडद तपकिरी होत असेल, तर जिमला नाही, थेट दवाखान्यात जायचं. स्नायू मोठ्या प्रमाणात मोडून त्यातले घटक रक्तात उतरले तर मूत्रपिंडावर ताण येतो. क्वचित होतं, पण अतिजोशात पहिल्या दिवशी भरमसाट व्यायाम केलेल्या माणसांना होतं.

पहिल्याच दिवशी आरोग्याचे प्रश्न विचारायचेत. जगभर जी पार-क्यू नावाची सात प्रश्नांची यादी वापरतात, तेवढी पुरते: हृदयाचा त्रास डॉक्टरांनी सांगितलाय का, श्रमानं छातीत दुखतं का, गेल्या महिन्यात बसल्याजागी दुखलंय का, चक्कर येऊन तोल जातो किंवा शुद्ध हरपते का, हाडासांध्याचं असं दुखणं आहे का की जे व्यायामानं वाढेल, रक्तदाब किंवा हृदयाच्या गोळ्या सुरू आहेत का, आणि व्यायाम करू नये असं दुसरं काही कारण माहीत आहे का. एकाही प्रश्नाला ‘हो’ आलं तर आधी डॉक्टरांचा सल्ला. हे प्रश्न काउंटरवर चार लोकांसमोर मात्र विचारू नका. वस्तीतलं जिम आहे, मागे उभा असलेला माणूस शेजारच्या इमारतीतला असतो. बाजूला खुर्ची टाकून, हळू आवाजात विचारलं तरच खरी उत्तरं मिळतात.

मशीन वाढवू का, या तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथेच देतो, कारण ते नव्या मेंबरशीच जोडलेलं आहे. मोठं मशीन आता घेऊ नका. त्याऐवजी छोटी वजनं घ्या. बऱ्याच छोट्या जिममध्ये डंबेल अडीच-अडीच किलोंच्या फरकानं असतात. वीसवरून साडेबावीसवर जाणाऱ्या जुन्या गड्याला ती साडेबारा टक्के वाढ आहे, तो रेटून नेतो. पण पाचवरून साडेसातवर जाणाऱ्या नव्या माणसाला तीच वाढ पन्नास टक्के पडते. एक महिना पाच किलो करून तो साडेसात हातात घेतो, तीन रेप्समध्ये (तीनदा उचलताच) खांदा वर चढतो, लाज वाटते, परत पाचवर येतो आणि तिथेच अडकतो. अडकलेल्या माणसाला कार्डावर काय दाखवणार? दहा किलोपर्यंत एक-एक किलोच्या फरकाचे डंबेल, सव्वा किलोच्या आणि अर्ध्या किलोच्या प्लेट्सच्या दोन जोड्या, आणि एक हलका बार. मोठा ऑलिंपिक बार रिकामाच वीस किलोंचा असतो, महिलांसाठीचा पंधरा. पहिल्या महिन्यात बेंचवर तो बार सुद्धा ज्यांना जड जातो असे लोक तुमच्या नव्या मेंबरांत भरपूर आहेत. ही सगळी खरेदी एका चांगल्या मशीनच्या तुलनेत किरकोळ आहे आणि नव्या माणसाला दर आठवड्याला काहीतरी वाढलेलं दिसतं.

आता जे यायचे बंद झालेत त्यांच्याबद्दल. हा भाग बहुतेक मालक टाळतात, मीही टाळायचो. तक्रार करणारा मेंबर सोन्यासारखा, कारण त्याला अजून यायचंय. सोडणारा तक्रार करत नाही, तो नुसता यायचा थांबतो. त्यामुळे दर शनिवारी रजिस्टर घेऊन बसा आणि गेल्या आठ-दहा दिवसांत ज्यांची सही नाही अशी नावं काढा. दीडशेत अशी वीस-पंचवीस निघतील. पहिल्या तीन महिन्यांतले आधी घ्या. फोन ट्रेनरनं करायचा, कारण ओळख त्याच्याशी असते. काय बोलायचं तेही ठरवून घ्या.

“फी भरलीय, येत का नाही?” हे वाक्य पूर्ण बंद. त्यात माणसाला गुन्हेगार केल्यासारखं होतं, आणि वस्तीतल्या जिमला याची किंमत जास्त मोजावी लागते. तो रोज तुमच्या दारावरून जाणारा असतो. एकदा अपराधी वाटलं की तो पलीकडच्या फुटपाथनं जायला लागतो, नजर चुकवतो आणि मग कायमचा तुटतो. त्यापेक्षा त्याच्या कार्डावरची एखादी गोष्ट धरून बोला: “दादा, मागच्या वेळी उजवा खांदा दुखतोय म्हणाला होतात, आता कसा आहे?” एवढं विचारून गप्प बसायचं. पुढचं तोच सांगतो. घरी आजारपण आहे, शिफ्ट बदललीय, परीक्षा आहे, किंवा तुमच्या फ्लोअरवर कुणीतरी काहीतरी बोललंय. शेवटचं कारण निघालं तर त्याच दिवशी तुम्ही स्वतः फोन करा.

परत आलेल्या माणसाचा पहिला दिवस जपा. “काय राव, किती दिवसांनी!” असं अख्ख्या हॉलसमोर ओरडू नये, हे ट्रेनरला आणि जुन्या मेंबरांनाही सांगून ठेवा. तीन आठवड्यांच्या खंडानंतर आधीच्या वजनाच्या साधारण निम्म्यावरून सुरुवात करायची आणि दोन आठवड्यांत तिथवर परत येता येतं हे त्याला आधीच सांगायचं. बहुतेकांना वाटतं की सगळं वाया गेलं. तसं होत नाही. एकदा कमावलेली ताकद पहिल्या वेळेपेक्षा लवकर परत येते.

फ्लोअरवरचं वागणं ही पुढची गोष्ट, आणि इथे मी थोडा कडक आहे. गर्दीच्या वेळेत ट्रेनरच्या हातात मोबाइल नको. दुसरं, पर्सनल ट्रेनिंगचं, म्हणजे पीटीचं, कमिशन. ट्रेनरच्या कमाईचा मोठा भाग पीटीवर अवलंबून असला की साधी फी भरणारे सव्वाशे लोक त्याच्या नजरेतून सुटतात. तो वाईट असतो म्हणून नाही, त्याला घर चालवायचं असतं म्हणून. मी पगार वाढवला, कमिशन कमी केलं आणि संध्याकाळच्या सर्वांत गर्दीच्या दोन तासांत एक ट्रेनर पीटीविना, फ्लोअरला पूर्ण मोकळा ठेवला. खर्च वाढला. पण त्याच वर्षापासून रिन्यूअल सुधारले, आणि माझ्या सगळ्या निर्णयांत हा मला सगळ्यात बरोबर वाटतो. मोकळ्या ट्रेनरचं काम सोपं आहे: हॉलमध्ये फिरत राहायचं, पंधरा मिनिटांत प्रत्येक माणसाशी निदान एकदा नाव घेऊन बोलायचं, आणि त्यात एखादी तरी नेमकी सूचना असायची. ‘चालू द्या, मस्त’ म्हणणं मोजत नाही. ‘कोपर पोटाशी चिकटवून ठेवा’ हे मोजतं.

हात लावून फॉर्म (व्यायाम करताना अंगाची ठेवण) सुधारायची सवय मोडायलाच हवी. आधी स्वतः करून दाखवायचं, मग शब्दांत सांगायचं, तरीही जमलं नाही तर “पाठीला हात लावून दाखवू का?” असं विचारायचं आणि उत्तराची वाट पाहायची. महिला मेंबर असो वा पुरुष, नियम एकच. एखाद्या ताईंनी काही न सांगता जिम सोडलं आणि नंतर कारण कळलं की ट्रेनरचा हात, अशा गोष्टी या धंद्यात फार घडतात आणि त्या तक्रार म्हणून कधीच तुमच्यापर्यंत येत नाहीत. शरीरावर शेरे तसेच. ‘पोट वाढलंय की’, ‘बारीकच राहिलास’ ही वाक्यं मायेनं बोलली तरी बोलायची नाहीत. बार, सेट, रेप्स, श्वास यांवर बोला, अंगावर नको. आणि सेटचे व्हिडिओ काढणाऱ्यांना सांगा की चौकटीत दुसरं कुणी येता कामा नये.

गर्दीबद्दल. आठवडाभर दर अर्ध्या तासाला आत किती डोकी आहेत ते वहीत टिपा. तुम्हाला वाटतं त्यापेक्षा गर्दी कमी वेळात कोंबलेली असते, आणि ती सुद्धा दोन-तीन ठिकाणी: बेंच, केबल, स्क्वॅट रॅक. तिथे जुन्या मित्रांचा घोळका चाळीस मिनिटं बसलेला असतो आणि नवा माणूस पाण्याच्या बाटलीशी चाळा करत उभा असतो. त्यानं स्वतः जाऊन “मी मध्ये एक सेट मारू का?” विचारावं ही अपेक्षा चुकीची आहे, पहिल्या महिन्यात तेवढा धीर नसतो. हे ट्रेनरचं काम. हात धरून त्या घोळक्यात न्यायचं, “हे यांच्याबरोबर आलटून-पालटून करतील” म्हणून सांगायचं, प्लेट बदलायला स्वतः मदत करायची. माझ्या अनुभवात जुनी पोरं एकदा सांगितल्यावर इतकी सांभाळून घेतात की पुढे तेच नव्याला स्पॉट देतात, म्हणजे वजन उचलताना जवळ उभं राहून आधार देतात. दारं उघडायची तेवढी आपण उघडायची.

दुपारची रिकामी वेळ वाया घालवू नका. साठीपुढच्या लोकांना हीच वेळ सोयीची असते. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस अशी आहे की प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम आणि निदान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम करावा. पासष्टीपुढच्यांनी त्याशिवाय आठवड्यातून तीन किंवा जास्त दिवस तोल सांभाळण्याचा आणि ताकदीचा व्यायाम करावा. म्हणजे ज्यांना जिमची सगळ्यात जास्त गरज आहे तेच लोक सहसा तुमच्याकडे येत नाहीत, कारण आवाज, गर्दी आणि अनोळखी मशीन. अकरा ते एक संगीत बंद, एक ट्रेनर, धरायला रेलिंग. या वयाचे लोक एकदा रुळले की वर्षानुवर्षं टिकतात.

स्वच्छतेवर दोनच गोष्टी सांगतो, बाकी तुम्हाला माहीत आहे. जंतुनाशक फवारलं आणि लगेच पुसलं तर त्याचा उपयोग होत नाही. बाटलीवर किती मिनिटं पृष्ठभाग ओला राहायला हवा ते लिहिलेलं असतं, तेवढा वेळ द्यावा लागतो. गजकर्णासारखे बुरशीचे त्वचारोग घामट मॅटवरून पसरू शकतात, त्यामुळे मॅट रात्री गुंडाळून न ठेवता उभ्या टांगून वाळवा. मोडलेल्या मशीनवर नुसतं ‘बंद आहे’ लिहू नका, कधी बिघडलं आणि कधी दुरुस्त होणार त्या दोन तारखा लिहा, आणि दुसरी तारीख पाळता आली नाही तर खोडून नवी लिहा. खोडलेली तारीख दिसली तरी लोक समजून घेतात. महिनाभर तोच पिवळा पडलेला कागद दिसला की घेत नाहीत. केबलचा एखादा तंतू जरी सुटलेला दिसला तरी ते मशीन त्याच क्षणी बंद करायचं, दुरुस्तीवाला येईपर्यंत थांबायचं नाही.

दोन्ही ट्रेनरना सीपीआरचं (हृदय बंद पडल्यास छाती दाबून करायच्या प्रथमोपचाराचं) प्रशिक्षण घ्यायला लावा आणि दरवर्षी उजळणी करा. छातीवर मिनिटाला १०० ते १२० दाब, पाच-सहा सेंटिमीटर खोल. हे वाचून येत नाही, पुतळ्यावर हात बसवावा लागतो. रुग्णवाहिकेचा नंबर आणि जिमचा पूर्ण पत्ता काउंटरवर मोठ्या अक्षरांत लावा, कारण घाबरलेल्या माणसाला स्वतःचाही पत्ता आठवत नाही.

फीचे नियम एका पानावर, साध्या भाषेत लिहा आणि नाव घालतानाच वाचून दाखवा. आजारपण, बाळंतपण, परीक्षा, बदली यांसाठी मेंबरशिप किती दिवस थांबवता येते ते त्यात असू द्या. छोट्या गोष्टींचा निर्णय ट्रेनरला घेऊ द्या. माझ्याकडे ट्रेनर मला न विचारता एखाद्याला सात दिवस वाढवून देऊ शकतो. सुरुवातीला मला भीती होती की खिरापत वाटली जाईल. वर्षभरात हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या वेळा वापरलं गेलं, आणि प्रत्येक वेळी योग्य माणसासाठी. सोडून जाणाऱ्याला अडवू नका, उरलेल्या पैशाचा हिशेब नियमाप्रमाणे त्याच दिवशी चुकता करा. शेजारच्या मोठ्या जिममध्ये गेलेले काही जण सहा महिन्यांनी परत येतात, पण ज्याच्याशी जाताना वाद झाला तो येत नाही.

अ‍ॅपची तुम्हाला सध्या गरज नाही. दीडशे लोकांना डबाभर कार्डं आणि एक वही पुरते. व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप करू नका. सकाळच्या शुभेच्छांत तुमची सूचना हरवते आणि महिला मेंबरांचे नंबर दीडशे जणांना उघडे पडतात. ब्रॉडकास्ट लिस्ट करा, त्यात कुणाचा नंबर कुणाला दिसत नाही. फक्त तुमचा नंबर ज्यांनी सेव्ह केलाय त्यांनाच तो मेसेज पोचतो, म्हणून नाव घालतानाच समोर सेव्ह करून घ्यायचा. आठवड्याला एकच मेसेज, तोही कामाचा.

राहिला काउंटरवरचा माणूस. पूर्ण वेळ नको. संध्याकाळी सहा ते नऊ ठेवा, म्हणजे फी, पावत्या आणि चौकशा तो बघेल आणि तुम्ही स्वतः फ्लोअरवर असाल. त्याला दोन कामं जास्तीची द्या: येणाऱ्याचं नाव रजिस्टरमध्ये सही होण्याआधी ओळखायचं, आणि ज्याचं कार्ड चौथ्या किंवा आठव्या आठवड्याला आलंय ते डब्यातून काढून ट्रेनरच्या हातात द्यायचं. येत्या शनिवारी रजिस्टर घेऊन बसाल तेव्हा पहिले पाच फोन मात्र तुम्हीच करा आणि ट्रेनरना शेजारी बसवून ऐकू द्या.